राज्याच्या दीर्घकालीन दिव्यांग धोरणासाठी कृती दलाची मागणी करावी का?

सीनाकाठ (प्रश्न)

आमच्या जिल्ह्यातील दिव्यांग व्यक्तींच्या आणि पालकांच्या काही संस्था मिळून राज्य शासनाला एक निवेदन देणार आहेत. आजवरची आमची निवेदने तातडीच्या मागण्यांची असत: अनुदान दरमहा वेळेवर जमा व्हावे, यूडीआयडी कार्डाचे (दिव्यांगांच्या ओळखपत्राचे) शिबिर तालुक्याच्या ठिकाणी व्हावे, एसटीच्या सवलतीसाठी वाहकाशी हुज्जत घालावी लागू नये. या वेळी मात्र पुढील वीस वर्षांचा विचार करणारे, ठरावीक मुदतीचे कृती दल शासनाने नेमावे, एवढी एकच मागणी करावी, असा प्रस्ताव पुढे आला आहे आणि त्यावरून आमच्यातच दोन तट पडले आहेत.

प्रस्तावाच्या बाजूचे लोक म्हणतात की डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला, पुण्यात आयुक्तालय आहे, महामंडळ आहे. परंतु या सर्वांचा वेळ चालू योजना राबवण्यात आणि मार्चअखेरपर्यंत निधी खर्ची टाकण्यात जातो. आज जो मुलगा पाच वर्षांचा आहे, त्याला पंचविसाव्या वर्षी काय लागेल आणि त्याची तरतूद अर्थसंकल्पाच्या कोणत्या लेखाशीर्षातून होईल, हे पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नाही. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की समिती नेमणे हा प्रश्न लांबणीवर टाकण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे आणि तो आपण आपल्या हाताने शासनाला दाखवून देऊ नये.

माझे प्रश्न तीन आहेत. असे कृती दल कायद्याच्या चौकटीत कुठे बसते? त्याच्याकडे नेमके कोणते काम द्यावे? आणि त्यात कोण असावे? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कलम७२

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो, कारण माझा संबंध कायद्याशी आहे.

अपंगांना साहाय्य हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीच्या नवव्या नोंदीत येतो. त्यामुळे ‘हा केंद्राचा प्रश्न आहे’ असे उत्तर आले, तर ते स्वीकारू नका. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा केंद्राचा कायदा असला, तरी त्याची बहुतेक अंमलबजावणी राज्यानेच करायची आहे.

आता अडचण. याच कायद्याच्या कलम ६६ नुसार प्रत्येक राज्यात एक राज्य सल्लागार मंडळ असावे लागते आणि राज्याचे धोरण विकसित करणे हे कलम ७१ नुसार त्या मंडळाचेच काम आहे. तुम्ही नुसते ‘धोरण ठरवण्यासाठी कृती दल’ असे लिहिले, तर मंत्रालयातील कोणताही कक्ष अधिकारी ‘त्यासाठी मंडळ अस्तित्वात आहे’ असा शेरा मारून फाईल बंद करील. मंडळाची बैठक सहा महिन्यांतून किमान एकदा व्हावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे. मंत्री अध्यक्ष आणि निरनिराळ्या खात्यांचे अधिकारी पदसिद्ध सदस्य, अशी त्याची रचना आहे. अशा मंडळाकडून जिल्हावार गरजांचा आणि वीस वर्षांच्या खर्चाचा हिशेब होणे शक्य नाही. म्हणून कृती दल हे मंडळाला पर्याय म्हणून मागू नका. मंडळासाठी मसुदा तयार करणारे आणि अहवाल देऊन विसर्जित होणारे पथक म्हणून मागा.

दुसरी गोष्ट, प्रत्येक शिफारशीपुढे ती कशाने अमलात येईल हे लिहिण्याचे बंधन घाला: कायद्याने, नियमाने, शासन निर्णयाने की केवळ निधीने. हे का महत्त्वाचे, त्याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. कलम ४५ प्रमाणे अस्तित्वातील सर्व सार्वजनिक इमारती नियमांच्या अधिसूचनेपासून पाच वर्षांत सुगम्य, म्हणजे दिव्यांगांना अडथळ्याविना वापरता येतील अशा, व्हायला हव्या होत्या. नियम १५ जून २०१७ रोजी आले, म्हणजे ती मुदत जून २०२२ मध्ये संपली. नंतर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्या नियमाच्या आधारे सुगम्यतेची मानके आणली होती, तो नियम १५ मुळातच कायद्याशी विसंगत आहे, कारण त्यातील मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक नव्हती. मुदत कायद्यात होती, पण मोजण्याची पट्टी ऐच्छिक होती. केंद्राला बंधनकारक मानके वेगळी काढण्यासाठी न्यायालयाने तीन महिने दिले. असला घोळ पुन्हा नको असेल, तर तो मसुद्याच्या टप्प्यावरच टाळावा लागतो.

निवृत्त विस्तार अधिकारी

मी पंचायत समितीत आयुष्य काढले. वरच्या पातळीवरचे कायदे वकील मंडळी सांगतीलच. मी खालचे सांगतो.

ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची, हे आता सर्वांना ठाऊक आहे. प्रत्यक्षात काय होते ते पाहा. समजा, एखाद्या लहान ग्रामपंचायतीची घरपट्टी आणि पाणीपट्टीची वसुली वर्षाला दोन लाख रुपये आहे. पाच टक्के म्हणजे दहा हजार. गावात दिव्यांग अठरा. फेब्रुवारी उजाडला की गटविकास अधिकाऱ्यांचे स्मरणपत्र येते, मासिक सभेत ठराव होतो आणि मार्चमध्ये प्रत्येकाच्या नावे साडेपाचशे रुपये निघतात किंवा अठरा ब्लँकेटे येतात. नोंदवहीत नाव, प्रकार, टक्केवारी आणि सही किंवा अंगठा असे रकाने भरले जातात आणि लेखापरीक्षणात आक्षेप येत नाही. यात कोणी पैसे खाल्ले, असे मी म्हणत नाही. नियम पाळला गेला, पण त्या अठरापैकी एकाचेही काम झाले नाही.

दुसरीकडे, शिबिरात मिळालेली तीनचाकी सायकल गोठ्यामागे उभी असते, कारण तिची ट्यूब आणि साखळी बदलून देणारा माणूस तालुक्यात नाही. श्रवणयंत्राची बॅटरी संपली की यंत्र कपाटात जाते. वाटप मोजले जाते, दुरुस्ती कोणी मोजत नाही. कृती दलाकडे मला एकच काम द्यायचे असेल तर ते हे: गावोगावचा हा पाच टक्क्यांचा चुरा तालुका पातळीवर एकत्र करता येईल का आणि त्यातून साधनांची दुरुस्ती व फिजिओथेरपी देणारे कायमचे केंद्र चालेल का, याचा हिशेब मांडावा. ग्रामपंचायतींचा विरोध होईल, कारण त्यांना तो आपल्या अधिकारावरचा घाला वाटेल. तरीही हिशेब मांडावा.

अनघाची आई

सर्वांचे वाचले. मला वीस वर्षे हा शब्द महत्त्वाचा वाटला, कारण आमच्या घरात तोच हिशेब रोज चालतो.

माझी मुलगी एकतीस वर्षांची आहे. तिला बौद्धिक अक्षमता आहे आणि फीटचा त्रास आहे. अठराव्या वर्षापर्यंत विशेष शाळा होती, त्यानंतर काही वर्षे कर्मशाळा होती. तिथे ती मेणबत्त्या आणि कागदी पिशव्या करायला शिकली. कर्मशाळेत जागा ठरलेल्या असतात आणि मागे मुले रांगेत उभी असतात, म्हणून तिला घरी बसावे लागले. शाळा, शिष्यवृत्ती, लवकर निदान, हे सारे आवश्यकच आहे. परंतु आपले सगळे धोरण लहान मुलाभोवती फिरते आणि ते मूल मोठे झाले की ते आईवडिलांचे खासगी प्रकरण होते. अनघाच्या वडिलांचे वय आता सत्तरच्या पुढे आहे.

पैशांचे सांगते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील दिव्यांगांचे मासिक अनुदान २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये झाले, त्याचे स्वागतच आहे. परंतु दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला चार हजारांहून थोडे अधिक. वडिलांचे निवृत्तिवेतन त्याहून जास्त, म्हणून मुलगी अपात्र. ती सज्ञान आहे, तिचे स्वतःचे उत्पन्न शून्य आहे, तिला मतदानाचा हक्क आहे, पण अनुदानाच्या अर्जावर ती केवळ वडिलांच्या कुटुंबातील एक सदस्य असते. सज्ञान दिव्यांग व्यक्तीचे उत्पन्न स्वतंत्रपणे मोजले, तर शासनावर किती भार पडेल, हे कृती दलाने आकड्यांत सांगावे. ‘परवडणार नाही’ हे उत्तर आम्ही ऐकत आलो आहोत. किती परवडणार नाही, ते कोणी सांगितलेले नाही. अनुदानाची वाढ दर वेळी आंदोलनानंतर आणि मंत्रिमंडळाच्या मर्जीने का व्हावी, ती महागाई निर्देशांकाशी का जोडू नये, हेही पाहावे.

आमच्यानंतर काय, हा खरा प्रश्न आहे. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ मधून कायदेशीर पालकत्व मिळते, निरामय योजनेतून एक लाखापर्यंतचा आरोग्यविमा मिळतो, आयुष्यभराच्या निवासासाठी घरौंदा नावाची योजना कागदावर आहे. परंतु पालकत्व घेणारा भाऊ परगावी असेल, तर मुलगी राहणार कुठे? मला शहराबाहेरची शंभर खाटांची संस्था नको आहे. आमच्याच तालुक्यात, ओळखीच्या दुकानदाराच्या आणि दवाखान्याच्या जवळ, सहा-आठ जणांचे घर आणि पगारी मदतनीस हवा आहे. चाळिशीच्या पुढचे, वृद्ध पालकांसोबत राहणारे असे किती जण प्रत्येक तालुक्यात आहेत, ही यादीच कोणाकडे नाही. अंगणवाडी ताई आणि आशा ताई पंधरा दिवसांत ती करून देतील. त्यांना त्याचा मोबदला मात्र द्यावा.

जुना वाचक

मी विरोधी तटातला आहे. दांडेकर समितीने १९८४ साली प्रादेशिक अनुशेष, म्हणजे राज्यातील कोणता भाग विकासात किती मागे आहे ते, मोजून दिला, त्यावर चाळीस वर्षे चर्चा चालू आहे. समतोल प्रादेशिक विकासासाठी २०११ मध्ये नेमलेल्या केळकर समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला, तो आज किती जणांना आठवतो? दोन्ही समित्यांचे काम उत्तम होते, म्हणूनच हा दाखला देतो. अहवाल वाईट असतो म्हणून तो बासनात जातो असे नाही.

याउलट एप्रिल २०२० मध्ये डॉ. संजय ओक यांच्या अध्यक्षतेखाली कोविडसाठी नेमलेल्या कृती दलाचा सल्ला रोजच्या निर्णयांसाठी लागत होता, म्हणून तो विचारला जात होता. दिव्यांग धोरणाच्या बाबतीत उद्या सकाळी काही कोसळणार नाही. त्यामुळे घोंगडे भिजत ठेवणे सर्वांच्या सोयीचे आहे. तरीही मागणी करायचीच असेल, तर अंतिम अहवालाची वाट पाहायला लावू नका. अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो, खात्यांचे प्रस्ताव त्याच्या काही महिने आधी तयार होतात. कृती दलाचा पहिला अंतरिम अहवाल त्या वेळेत आलाच पाहिजे आणि वित्त विभागाचा वरिष्ठ अधिकारी सदस्य असलाच पाहिजे, असे लिहा. नाहीतर सगळे एकमताने मान डोलावतील आणि वित्त विभाग शेवटी एका ओळीत नकार देईल.

वैनगंगा

मी गडचिरोलीचा, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा रुग्ण. थोडक्यात तीन मुद्दे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९.६३ लाख दिव्यांग नोंदले गेले. त्या वेळी दिव्यांगत्वाचे प्रकार आठ होते. २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया तेव्हा मोजलेच नव्हते. तरीही आजचे नियोजन त्याच आकड्यावर चालते. २०२७ च्या जनगणनेचे आकडे जिल्हावार हाती येतील, तेव्हा ते वापरण्याची तयारी कृती दलाने आधीच करून ठेवावी.

कायद्यात आमचे नाव आले, पण कलम ३४ मधील नोकऱ्यांच्या ४ टक्के आरक्षणात रक्तविकारांचा समावेश नाही. केंद्राचा कायदा राज्याचे कृती दल बदलू शकत नाही, हे मान्य आहे. परंतु वेदनेचा झटका आला की महिन्यातून काही दिवस काम थांबते, अशा माणसाला रजेची आणि कामाच्या वेळेची कोणती सवलत द्यायची, हे राज्य आपल्या आस्थापनांपुरते ठरवू शकते.

तिसरा मुद्दा नाजूक आहे. अनघाच्या आईंच्या प्रत्येक शब्दाचा मला आदर आहे. परंतु पालकांचे प्रतिनिधी आणि दिव्यांग व्यक्ती यांच्या जागा वेगळ्या ठेवा. पुष्कळदा आमच्यासाठीच्या खुर्चीवर आमचे हितचिंतक बसतात. जे स्वतः बोलू शकतात त्यांचे बहुमत असावे आणि त्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात.

अनघाची आई

वैनगंगा, तुमचे म्हणणे पटते. माझी मुलगी मात्र त्या बैठकीत बोलू शकणार नाही, म्हणून पालकांच्या जागा कमी असल्या तरी चालतील, पण त्या असू द्या. आणि तिच्यासारख्यांना चित्रांतून, सोप्या वाक्यांतून विचारता येते. ‘तुला कुणाबरोबर राहायचे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर अनघा नीट देते.

सीनाकाठ

सर्वांचे आभार. आपल्या सूचनांवरून मागणीचा मसुदा असा केला आहे:

‘राज्य सल्लागार मंडळाला साहाय्य करण्यासाठी शासनाने १२ महिन्यांच्या मुदतीचे कृती दल नेमावे. त्यात दिव्यांग व्यक्तींचे बहुमत असावे, पालकांचे प्रतिनिधी स्वतंत्रपणे घ्यावेत आणि वित्त, आरोग्य, ग्रामविकास व नगरविकास विभागांचे अधिकारी असावेत. सज्ञान दिव्यांगांचे उत्पन्न स्वतंत्रपणे मोजणे, तालुका पातळीवरील दुरुस्ती व उपचार केंद्रे आणि पालकांच्या पश्चात निवास, या तीन विषयांचा २० वर्षांचा खर्च कृती दलाने मांडावा. पहिला अंतरिम अहवाल पुढील अर्थसंकल्पापूर्वी द्यावा आणि अंतिम अहवाल विधिमंडळासमोर ठेवावा.’

विषय तीनच ठेवले, कारण यादी वाढवली की एकाचाही हिशेब होत नाही. रोजगार आणि इमारतींची सुगम्यता वगळल्याबद्दल आमच्यातील काही जण नाराज आहेत.

कलम७२

मसुदा चांगला आहे. दोन दुरुस्त्या करा. ‘विधिमंडळासमोर ठेवावा’ यापुढे ‘शासनाच्या कार्यवाही अहवालासह, सादर झाल्यापासून सहा महिन्यांत’ हे शब्द घाला. नाहीतर अहवाल स्वीकारला गेला पण पटलावर आलाच नाही, असे होऊ शकते. दुसरे, सुगम्यता विषय म्हणून वगळली असली, तरी कृती दलाच्या स्वतःच्या कामकाजाला ती लावा: बैठकीला सांकेतिक भाषेचा दुभाषी, कागदपत्रे ब्रेलमध्ये आणि सोप्या मराठीत, आणि सुनावण्या मुंबईतच न घेता प्रत्येक महसुली विभागात. या खर्चाची तरतूद नेमणुकीच्या शासन निर्णयातच मागा. निवेदनाची एक प्रत राज्य दिव्यांग आयुक्तांना आणि एक वित्त विभागाला द्या, आणि दोन्हीकडून पोच घ्यायला विसरू नका.