सोनी ए६४०० साठी दुसरी लेन्स: सिग्मा, टॅमरॉन, की जुनी निकॉन अडॅप्टर लावून?

तिपाई

कॅमेरा सोनी ए६४००, सोबत आलेली १६-५० लेन्स. घरगुती कार्यक्रमांचे फोटो आणि थोडं व्हिडिओ, बहुतेक सगळं हातात धरून. कमी उजेडात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० च्या वर जातो, म्हणून जास्त उजेड घेणारी एफ/२.८ झूम घ्यायची आहे. सिग्मा १८-५० आणि टॅमरॉन १७-७० यांत घोडं अडलंय. पुढेमागे फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घेईन, मग आत्ताच त्याच्यासाठीची सोनीची एफई लेन्स घेऊन ठेवावी का? शिवाय निकॉनची जुनी ५० एमएम एफ/१.८ डी पडून आहे; अडॅप्टरवर ऑटोफोकससकट चालेल का? आणि वापरलेल्या लेन्सच्या जाहिरातींत 'सोनी अल्फा' लिहिलेलं असतं, त्या सगळ्या या कॅमेऱ्याला बसतात?

छिद्रान्वेषी

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पैसे तिथेच बुडतात. 'अल्फा' हे नाव सोनीने जुन्या ए माउंटलाही (माउंट म्हणजे लेन्स अडकवायचं कडं) दिलं होतं आणि तुमच्या ई माउंटलाही. जाहिरातीतलं नाव सोडा, मॉडेल क्रमांक विचारा. सोनीची लेन्स 'एसईएल'ने सुरू होत असेल तर ई माउंट, 'एसएएल'ने असेल तर ए माउंट. ती थेट बसणार नाही. टॅमरॉनवर 'डीआय थ्री' असेल तर ती मिररलेससाठी, म्हणजे तुमच्यासारख्या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी. नुसतं 'डीआय' किंवा 'डीआय टू' म्हणजे आरसा असलेल्या डीएसएलआरची. सिग्मावर 'डीएन' शोधा. मात्र 'डीएन' असलं तरी तीच लेन्स एल, एक्स, आरएफ अशा वेगवेगळ्या माउंटमध्ये येऊ शकते, त्यामुळे मागच्या धातूच्या कड्याचा फोटो मागवल्याशिवाय व्यवहार नको.

निकॉनच्या या डी लेन्समध्ये फोकसची मोटरच नसते. बॉडीतला स्क्रू फिरून ती फोकस करायची आणि तुमच्या कॅमेऱ्यात तो स्क्रू नाही. निकॉनच्या स्वतःच्या एफटीझेड अडॅप्टरवर त्यांच्या मिररलेस झेड कॅमेऱ्यातही ही लेन्स ऑटोफोकस करत नाही. साध्या अडॅप्टरवर हाताने फोकस करून मात्र छान चालते. ५० एमएमची दृश्यकक्षा तुमच्या सेन्सरवर ७५ एमएमसारखी मिळेल, म्हणजे चेहऱ्यांसाठी सोयीची.

चौकट

झूमबद्दल. आधी फायदा नेमका कुठे होतो ते बघा. किट लेन्स १६ एमएमला एफ/३.५ आहे, तिथे एफ/२.८ ने जेमतेम दोन तृतीयांश स्टॉप मिळतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). ५० एमएमला ती एफ/५.६ होते, तिथे पूर्ण दोन स्टॉप, म्हणजे आयएसओ ६४०० च्या जागी १६००. तुमचे फोटो वाइड टोकालाच जास्त असतील तर झूमने फार फरक पडणार नाही, ३० एमएम एफ/१.४ प्राइम (झूम न होणारी लेन्स) बघा.

आता दोघींत. ए६४०० च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही. सिग्मातही नाही, टॅमरॉनमध्ये आहे. हातात धरून व्हिडिओ करायचा तर टॅमरॉन, विषय संपला. फोटोंपुरतं बोलायचं तर हलणाऱ्या माणसांसाठी शटर १/१२५ च्या आसपास ठेवावाच लागतो. स्टॅबिलायझेशन तुमचा हात स्थिर करतं, समोरच्याला नाही. आणि वजन? सिग्मा २९० ग्रॅम, टॅमरॉन ५२५, कॅमेरा स्वतः ४०३. टॅमरॉन लावली की सगळा भार पुढे झुकतो. फिल्टरही वेगळे: ५५ आणि ६७ एमएम.

दोन्हींवर लेन्स कॉम्पेन्सेशनमधलं डिस्टॉर्शन 'ऑटो'वर ठेवा, विशेषतः सिग्माच्या १८ एमएमला. नाहीतर दाराच्या चौकटी फुगलेल्या दिसतील.

एफई झूम आत्ता घेऊ नका. २८-७५ तुमच्या सेन्सरवर ४२-११२ सारखी वागेल. खोलीत मागे सरकायला भिंत आड येते.

धूसर

एफईबद्दल सरसकट 'नको' पटत नाही. झूमसाठी चौकट यांचं बरोबर आहे, पण प्राइम वेगळी गोष्ट. एफई ८५ एफ/१.८ आज १२७ सारखी चालेल आणि फुल फ्रेमवर खरीखुरी ८५ होईल, दोन्हीकडे कामाची. उलट एपीएस-सी (तुमच्या कॅमेऱ्यासारख्या लहान सेन्सरची) लेन्स फुल फ्रेम ए७ थ्रीवर लावली तर कॅमेरा आपोआप क्रॉप करतो आणि २४ मेगापिक्सेलचे सुमारे १० उरतात. ६१ मेगापिक्सेलच्या ए७आर फोरवर साधारण २६ उरतात, तिथे तक्रारीला जागा नाही. तेव्हा 'पुढेमागे' म्हणजे कोणती बॉडी, यावर बरंच ठरतं.

तिपाई

आभार. टॅमरॉनच घेतो. निकॉनसाठी अडॅप्टर मागवला होता तो आला, पण शटर पडत नाही. शिवाय लेन्सची अपर्चर रिंग फिरवली तरी चित्रात काही बदलत नाही. अडॅप्टरवरही एक रिंग आहे.

छिद्रान्वेषी

शटरसाठी मेनूत 'रिलीज विदाउट लेन्स' चालू करा. अडॅप्टरमध्ये विजेचे संपर्क नाहीत, म्हणून कॅमेऱ्याच्या लेखी लेन्स लागलेलीच नाही.

अडॅप्टरवरची रिंग अपर्चर रिंग नसलेल्या जी लेन्ससाठी असते. ती लेन्समागची छोटी दांडी ढकलून अपर्चरच्या (उजेडाचं छिद्र लहान-मोठं करणाऱ्या) पाकळ्या उघड्या धरते. ती 'ओपन' टोकाला असेल तोवर लेन्सची रिंग कितीही फिरवा, पाकळ्या मिटणार नाहीत. अडॅप्टरची रिंग पूर्ण 'क्लोज'कडे न्या आणि आकडा लेन्सवरून निवडा. डी लेन्सवर २२ ला एक खटका असतो, तो सोडवलेला हवा. नाहीतर रिंग २२ वरच अडकून राहील आणि चित्र अंधारं, दाणेदार दिसेल.

मोड ए (अपर्चर आपण निवडायचं), पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) चालू, पण शेवटची खात्री फोकस मॅग्निफायरने. एफ/१.८ ला पीकिंगचा रंग नाकावर आणि डोळ्यांवर एकदमच चढतो. फोकल लांबी कॅमेऱ्याला कळत नाही, म्हणून ऑटो आयएसओचा किमान शटर स्वतः १/१६० ठेवा.

एकदा इन्फिनिटीही (अगदी दूरचा फोकस) तपासा. निकॉन एफचं माउंट ते सेन्सर अंतर ४६.५ एमएम, सोनी ईचं १८, म्हणजे अडॅप्टर २८.५ एमएम जाड हवा. दूरचा मनोरा मॅग्निफाय करून बघा. रिंग टोकाला टेकूनही तो धूसरच असेल तर अडॅप्टर जाड आहे, परत करा. टोकाच्या जरा आधी स्पष्ट होत असेल तर हरकत नाही. अडॅप्टर बहुतेकदा मुद्दाम किंचित पातळ करतात. फक्त मग लेन्सवरच्या अंतराच्या खुणांवर विसंबू नका.