मदत हवी आहे: ल्युटेशियम-१७७ च्या दुसऱ्या सायकलमध्ये मूत्रपिंडांचा डोस दीडपट कसा आला?

किरणोत्सारी
नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमधील एका सरकारी रुग्णालयाच्या मॉलिक्युलर रेडिओथेरपी विभागात वरिष्ठ मेडिकल फिजिसिस्ट म्हणून काम करतो. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरच्या (संप्रेरके बनवणाऱ्या पेशींच्या गाठींच्या) एका रुग्णाला ल्युटेशियम-१७७ डोटाटेट या गाठींना चिकटणाऱ्या किरणोत्सारी औषधाच्या दोन सायकल, म्हणजे उपचाराच्या दोन फेऱ्या, देऊन झाल्या असून दोन्ही वेळा ७.४ गिगाबेक्वेरेल (किरणोत्साराचे एकक) दिले आहे. पहिल्या सायकलमध्ये मूत्रपिंडांचा डोस सरासरी ४.४ ग्रे (शोषलेल्या किरणांच्या डोसाचे एकक) आला होता आणि दुसऱ्या सायकलमध्ये तो ६.६ ग्रे आला आहे. याच दराने उरलेल्या दोन सायकल दिल्या तर एकूण आकडा २४ च्या वर जातो, म्हणजे मूत्रपिंडांसाठीची २३ ग्रेची मर्यादा ओलांडली जाते. त्यामुळे चौथी सायकल रद्द करायची का, असे आमच्या कन्सल्टंट बाईंनी मला सरळच विचारले आहे. गुरुवारी बैठक आहे. औषधाची मात्रा मोजणारा कॅलिब्रेटर, कॅमेरा आणि सॉफ्टवेअर तपासून झाले आहे, तेव्हा कृपया तेच पुन्हा तपासायला सांगू नये. असा प्रकार कोणाकडे झाला होता का आणि कारण काय निघाले, एवढेच हवे आहे.

तुर्भेकर
आपण सगळे तपासले असे म्हणता, पण काय तपासले ते आम्हाला कसे कळणार? कॉलिमेटर (कॅमेऱ्यापुढची शिशाची जाळी) कोणता होता, ऊर्जेची खिडकी (किरणांचा मोजायचा ऊर्जापट्टा) कोणती होती, कॅमेरा दोन्ही वेळा तोच होता का आणि मुख्य म्हणजे प्रतिमा किती आणि केव्हा घेतल्या, हे आधी लिहा. माझी नोकरी अणुशक्ती खात्यात गेली आणि तिथे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवले होते की दोन आकड्यांची तुलना करण्यापूर्वी ते एकाच रीतीने काढले आहेत का, ते पाहावे.

पेठेतला डॉक्टर
मी न्यूक्लियर मेडिसिनचा डॉक्टर आहे आणि माझे मत थोडे वेगळे आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, याच औषधाच्या नेटर-१ चाचणीत आठ आठवड्यांच्या अंतराने ७.४ गिगाबेक्वेरेलच्या चार सायकल दिल्या गेल्या आणि औषधाला मान्यता त्याच ठरावीक मात्रेवर मिळाली. क्रिएटिनिन, रक्तपेशी आणि रुग्णाची तब्येत ठीक असेल तर चौथी सायकल देऊन टाकावी. तुम्ही लोक दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांवर वाद घालत बसता आणि तोवर रुग्णाची तारीख पुढे जाते.

मृणाल_ज
डॉक्टरसाहेब, धागाकर्ते ज्या देशात आहेत तिथल्या २०१७ च्या नियमांनुसार किरणोपचाराच्या प्रत्येक लक्ष्याचे नियोजन व्यक्तिगणिक करावे लागते, बाकीच्या अवयवांचा डोस शक्य तितका कमी ठेवावा लागतो आणि उपचार ठरल्याप्रमाणे झाल्याची पडताळणीही करावी लागते. तेव्हा मोजू नका असे त्यांना सांगण्यात अर्थ नाही.
मूळ प्रश्नाबद्दल माझा अंदाज असा की पहिल्या सायकलनंतर यकृतातील गाठी कमी झाल्या असतील. गाठी औषध ओढून घेतात. त्या घटल्या की तेच औषध निरोगी अवयवांच्या वाट्याला जास्त येते. याचे निष्कर्ष प्रसिद्ध झालेले आहेत.

पेठेतला डॉक्टर
त्याच कायद्यात प्रमाणित न्यूक्लियर मेडिसिन उपचारांसाठी फिजिसिस्टचा सहभाग तितका निकट असण्याची सक्ती नाही, हेही सांगा की. सोयीचे तेवढेच कलम वाचायचे, हे बरोबर नाही.

मृणाल_ज
ती सवलत फिजिसिस्टने शेजारी किती उभे राहायचे याबद्दल आहे. व्यक्तिगणिक नियोजनाची अट तिने रद्द होत नाही.

तुर्भेकर
कायद्याचा कीस नंतर काढावा. गाठींच्या स्पष्टीकरणावर माझा फारसा विश्वास बसत नाही, कारण न्यूरोएंडोक्राइन गाठी बहुधा संथ असतात आणि आठ आठवड्यांत त्या एवढ्या घटल्या तर ते सीटीवर उघड्या डोळ्यांना दिसले असते. धागाकर्त्यांनी अजून एकाही प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही.

किरणोत्सारी
उत्तरे देतो. कॅमेरा तोच, मध्यम ऊर्जेचा कॉलिमेटर तोच, २०८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या शिखरावर २० टक्क्यांची खिडकी आणि दोन्ही बाजूंना विखुरलेल्या किरणांचा वाटा वजा करण्यासाठीच्या खिडक्या, हेही तेच. कॅलिब्रेटर राष्ट्रीय प्रमाणाशी जुळवलेला आहे. मूत्रपिंडांच्या बचावासाठी दिले जाणारे लायसिन आणि आर्जिनिनचे सलाईन दोन्ही वेळा पूर्ण चार तास चालले, उलटी झाली नाही, मधे थांबवावे लागले नाही. क्रिएटिनिन जिथल्या तिथे आहे. गाठींमध्ये सीटीवर लक्षणीय फरक नाही. प्रतिमा नेहमीप्रमाणे घेतल्या. यापलीकडे काय राहते ते सांगा.

गॅमाकाका
एक महत्त्वाची गोष्ट कोणीच लिहिली नाही. तुमचे ल्युटेशियम कोणत्या मार्गाने तयार झालेले आहे? समृद्ध ल्युटेशियम-१७६ वर अणुभट्टीत थेट न्यूट्रॉनचा मारा करून केलेल्या मालात ल्युटेशियम-१७७एम अंशमात्र राहते आणि त्याचा अर्धायुकाल सुमारे १६० दिवसांचा असतो, तर ल्युटेशियम-१७७ चा ६.६५ दिवसांचा. आपल्या ध्रुव अणुभट्टीत याच मार्गाने उत्पादन झालेले आहे. रुग्णाच्या लघवीच्या साठवण टाक्या, कुप्या, हातमोजे यांची विल्हेवाट लावताना हे लक्षात ठेवले नाही तर पुढे त्रास होतो. टाकी किती दिवस धरून ठेवायची याचे गणित हवे असल्यास लिहीन.

किरणोत्सारी
काका, माहितीबद्दल आभार, पण टाकीबद्दल मी काही विचारलेले नाही आणि त्या अंशाने मूत्रपिंडाचा डोस दीडपट होत नाही.

भौतिकी_२४
विषयांतराबद्दल क्षमस्व. मी भौतिकशास्त्रात एमएस्सी करत आहे. किरणोत्सारी सर, आपल्यासारख्या पदावर पोचण्यासाठी काय करावे लागते? इथून तिकडे नोकरी मिळते का?

तुर्भेकर
भौतिकी_२४, एमएस्सीनंतर अणुसंशोधन केंद्राचा रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा पदविका अभ्यासक्रम हा आपल्याकडचा मळलेला रस्ता आहे. इंग्लंडमध्ये क्लिनिकल सायंटिस्ट म्हणून नोंदणी झाल्याशिवाय त्या पदनामाने काम करता येत नाही. पुढचे वेगळा धागा काढून विचारा.
किरणोत्सारी, ‘नेहमीप्रमाणे’ म्हणजे किती प्रतिमा? तिसऱ्यांदा विचारायला लावू नका.

किरणोत्सारी
पहिल्या सायकलला २४, ९६ आणि १६८ तासांनी, अशा तीन. दुसऱ्या वेळी मधे सार्वजनिक सुटी आली आणि रुग्ण समुद्रकिनाऱ्यावरच्या लांबच्या गावी राहतो, त्यामुळे फक्त २४ तासांची घेता आली. एकच प्रतिमा असेल तेव्हा विभागाच्या कार्यपद्धतीप्रमाणे मूत्रपिंडांचा प्रभावी अर्धायुकाल (तिथला किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ) ५२ तास धरला जातो. हा आमच्याच रुग्णांचा सरासरी आकडा आहे, उगाच कुठून उचललेला नाही.

तुर्भेकर
हे पहिल्याच दिवशी लिहायला हवे होते. आता सांगा, या रुग्णाचा स्वतःचा अर्धायुकाल पहिल्या सायकलच्या तीन प्रतिमांवरून किती आला होता? आणि २४ तासांच्या प्रतिमेत ग्रॅममागे किती मेगाबेक्वेरेल होते, दोन्ही सायकलचे?

किरणोत्सारी
अर्धायुकाल ४० तास. सांद्रता पहिल्या सायकलला ग्रॅममागे ०.५९ मेगाबेक्वेरेल, दुसऱ्या सायकलला ०.७५.

तुर्भेकर
मग कागद-पेन्सिल घेऊन बसू या. सगळ्या काळाची बेरीज काढायला, अर्धायुकाल ४० तास धरला तर २४ तासांच्या सांद्रतेला सुमारे ८७.५ तासांनी गुणावे लागते आणि ५२ तास धरला तर सुमारे १०३ तासांनी. ल्युटेशियम-१७७ च्या इलेक्ट्रॉनांची दर विघटनामागची सरासरी ऊर्जा साधारण ०.१४७ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, म्हणजे ग्रॅममागे एक मेगाबेक्वेरेल-तास झाला की ०.०८५ ग्रे. आता ०.५९ ला ८७.५ ने आणि मग ०.०८५ ने गुणा, ४.४ येतात. ०.७५ ला १०३ ने आणि ०.०८५ ने गुणा, ६.६ येतात. तुमचे दोन्ही आकडे जुळले. म्हणजे दीडपटीतील १८ टक्के वाढ मूत्रपिंडात झालेलीच नाही, ती ४० च्या जागी ५२ धरल्यामुळे आलेली आहे. सांद्रतेतील २७ टक्के मात्र अजून शिल्लक आहेत.

मृणाल_ज
तुर्भेकरांचे गणित मान्य आहे. स्वीडनमधील उप्सालाचा गट पहिल्या सायकलला पूर्ण मोजमाप करून पुढच्या सायकलींना २४ तासांच्या एका प्रतिमेवर भागवत असे, परंतु त्यात अर्धायुकाल त्या रुग्णाचा स्वतःचा, पहिल्या सायकलमधला वापरायचा असतो, सगळ्यांची सरासरी नव्हे. पद्धतीचा जीवच त्यात आहे. एकच प्रतिमा घ्यायची आणि रुग्णाची आधीची माहिती नाही, अशी स्थिती असेल तर ती चौथ्या दिवशी घ्यावी. जर्मनीतील व्यूर्त्सबुर्गच्या गटाने २०१८ मध्ये दाखवले की ९६ तासांच्या सुमारास अर्धायुकाल थोडा इकडेतिकडे झाला तरी उत्तर फारसे हलत नाही. २४ तासांच्या प्रतिमेला ही सोय नाही.

पेठेतला डॉक्टर
चौथ्या दिवशी घ्यावी हे सांगणे सोपे आहे. माझ्याकडे गडचिरोली-नांदेडहून रुग्ण येतात, त्यांच्या नातेवाइकांनी चार दिवस कुठे राहायचे? म्हणूनच मी म्हणतो की ठरावीक मात्रा हीच व्यवहार्य आहे. शिवाय तुमची ती २३ ग्रेची मर्यादा बाहेरून दिल्या जाणाऱ्या किरणोपचाराची आहे, १९९१ च्या इमामी यांच्या तक्त्यातली. ल्युटेशियमचा डोस कित्येक दिवस हळूहळू मिळतो, तिथे तोच आकडा लावणे हाच मुळात वादाचा विषय आहे.

मृणाल_ज
या शेवटच्या मुद्द्यावर मी आपल्याशी सहमत आहे. म्हणूनच स्वीडनमधल्या लुंडच्या चाचणीत जैविकदृष्ट्या प्रभावी डोस (डोस किती वेगाने मिळाला हे धरून काढलेला) काढून धोक्याचे इतर घटक नसलेल्यांना ४० ग्रेपर्यंत जाऊ दिले होते. पण मर्यादा कोणतीही घ्या, मोजमाप आधी बरोबर लागते.
किरणोत्सारी, उरलेल्या २७ टक्क्यांसाठी एक प्रश्न आहे. मूत्रपिंडांच्या सीमारेषा दोन्ही वेळा एकाच व्यक्तीने आखल्या होत्या का?

नाशिककर
नमस्कार. धागा बराचसा डोक्यावरून गेला, तरी विचारतो. माझ्या मामांना प्रोस्टेटचा कर्करोग आहे आणि त्यांना ल्युटेशियमचे इंजेक्शन सुचवले आहे. त्यांनाही मूत्रपिंडाचा असाच त्रास होईल का? मामा कालपासून जेवले नाहीत.

पेठेतला डॉक्टर
नाशिककर, मामांचे औषध वेगळे आहे. ते पीएसएमए या प्रथिनाला चिकटते. ते देण्याआधी पीएसएमए पेट स्कॅनमध्ये गाठी औषध घेतात की नाही हे पाहतात. वरची चर्चा एका मोजमापाबद्दल आहे, त्यात कोणाच्या मूत्रपिंडाला इजा झालेली नाही. मामांना पोटभर जेवू द्या आणि क्रिएटिनिनचा रिपोर्ट घेऊन त्यांच्या डॉक्टरांना भेटा.

किरणोत्सारी
मृणालताई, आपल्या प्रश्नानंतर मूळ फायली उघडल्या. पहिल्या सायकलला सीटीवर संपूर्ण मूत्रपिंड आखले होते. दुसऱ्या सायकलचे काम मी रजेवर असताना नव्याने आलेल्या सहकाऱ्याने केले आणि त्यांनी आधीच्या रुग्णालयातील सवयीप्रमाणे प्रत्येक मूत्रपिंडाच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, जिथे प्रतिमा सर्वांत उजळ दिसते तिथे, चार मिलिलीटरचा छोटा गोल ठेवला. दोन्ही पडद्यांवर शेजारी शेजारी लावले तेव्हा फरक लगेच दिसला. संपूर्ण आखणीत मधली द्रोणी (जिथे लघवी गोळा होते) आणि कडेचा फिकट पट्टा आत येतो, त्यामुळे सरासरी खाली जाते. गोल मात्र थेट सर्वांत उजळ भागातला आकडा उचलतो.
काल रात्री सगळे पुन्हा केले. संपूर्ण मूत्रपिंड आणि ४० तास, या रीतीने पहिल्या सायकलचे ४.४ आणि दुसऱ्या सायकलचे ४.५ ग्रे येतात. छोटा गोल आणि ४० तास, या रीतीने ५.४ आणि ५.६ येतात.

तुर्भेकर
म्हणजे मूत्रपिंडांनी दोन्ही वेळा जवळपास सारखाच डोस घेतला. आता बैठकीत दोन्ही रीतींचे आकडे एकत्र मांडा; एका सायकलला एक रीत आणि दुसऱ्या सायकलला दुसरी, असे पुन्हा होऊ देऊ नका. चार सायकलींचा अंदाज पहिल्या रीतीने १८ आणि दुसऱ्या रीतीने २२ ग्रेच्या आसपास येतो, दोन्ही २३ च्या आत.

मृणाल_ज
एक सावधगिरी बाळगा. दुसऱ्या सायकलचा अर्धायुकालही ४० तासच होता, हे आपण गृहीत धरले आहे, मोजलेले नाही. आणि छोट्या गोलाची रीत कायम करणार असाल तर लक्षात घ्या की उप्सालाने २३ ग्रेपर्यंत सायकली देण्याचे धोरण त्याच रीतीच्या मोजमापावर राबवले होते. संपूर्ण आखणीचा आकडा त्याच मर्यादेशी ताडून पाहिला तर आपण नकळत जास्त सैल होतो. २२ आणि २३ मध्ये अंतर फार नाही, हे कन्सल्टंट बाईंना स्पष्ट सांगा.

पेठेतला डॉक्टर
शेवटी चार सायकलीच द्यायच्या ठरल्या, ज्या मी दुसऱ्याच प्रतिसादात सांगितल्या होत्या.

तुर्भेकर
आकडे खरोखर ६.६ असते तर तुमच्या सल्ल्यानेही चारच दिल्या गेल्या असत्या, हाच तर आक्षेप आहे.

किरणोत्सारी
बैठक झाली. तिसरी सायकल पूर्ण मात्रेने द्यायची, तिला २४, ९६ आणि १६८ तासांच्या तिन्ही प्रतिमा घ्यायच्या आणि चौथीचा निर्णय त्यानंतर, असे ठरले. रुग्णाच्या येण्याजाण्यासाठी रुग्णालयाची गाडी मिळत आहे. विभागाच्या कार्यपद्धतीत सरासरी ५२ तासांचे कलम आता फक्त पहिल्या सायकलपुरते राहील, आणि आखणी कोणत्या रीतीने केली हे अहवालाच्या पहिल्या ओळीत लिहावे लागेल. नव्या सहकाऱ्याला छोटा गोलच योग्य वाटतो आणि तो वाद आमच्याकडे अजून चालू आहे.

तुर्भेकर
ठीक. १६८ तासांना स्पंदने (कॅमेऱ्याने मोजलेले किरण) फार कमी मिळतात, तेव्हा त्या दिवशी दर कोनाला वेळ वाढवून घ्या, नाहीतर मूत्रपिंडाची कडही धड दिसणार नाही.

किरणोत्सारी
तंत्रज्ञांशी बोललो आहे, त्या दिवशी दुप्पट वेळ ठेवत आहोत. गॅमाकाका, टाकीचे ते गणित आता पाठवाच. आमच्या पुढच्या तपासणीत तोच प्रश्न येणार आहे, असे आज कळले.