रेडॉन कधी मोजायचा, वायूची विहीर खणण्याआधी की नंतर?

डिचोलीचा मास्तर

मुलगी-जावई पेनसिल्व्हेनियात राहतात. गेल्या वर्षी चार महिने त्यांच्याकडे होतो. घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून एक पांढरा पाइप तळघरातून छपराच्या वर गेला आहे. त्यात पंखा आहे आणि तो रात्रंदिवस फिरतो. जावयाला विचारलं तर म्हणाला, "रेडॉन बाहेर काढायला. घर घेताना मोजला, जास्त निघाला."

जमिनीतल्या युरेनियमपासून रेडियम होतो आणि रेडियमपासून हा वायू. रंग नाही, वास नाही. जोत्याच्या भेगांतून घरात शिरतो, आणि त्याच्यापासून तयार होणारे किरणोत्सारी कण फुफ्फुसात चिकटून राहतात. जागतिक आरोग्य संघटना घनमीटर हवेत 100 बेक्वेरेलच्या (किरणोत्सार मोजायचं एकक) आत ठेवा म्हणते. अमेरिकेत 148 ला उपाय करायला सांगतात.

त्याच भागात मार्सेलस शेलमधून, म्हणजे खोलवरच्या पापुद्र्यांच्या खडकातून, इंधनाचा वायू काढतात. पाणी, वाळू आणि रसायनं प्रचंड दाबानं खाली सोडून खडक फोडायचा, हेच फ्रॅकिंग. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 1989 ते 2013 मधल्या पेनसिल्व्हेनियातल्या 8 लाख 60 हजारांहून जास्त मोजण्या तपासल्या. 2004 नंतर, जिथं अशा वायूच्या विहिरी जास्त त्या भागांतल्या इमारतींत रेडॉन वाढत गेलेला दिसला. हे 2015 साली प्रसिद्ध झालं.

माझं म्हणणं एवढंच की आपल्या देशात जिथं शेल फोडायचा असेल, तिथं आधी वर्षभर घराघरांत रेडॉन मोजा, आणि मोजणारा कंपनीचा नको. हे मी का सांगतो ते ऐका. आमच्या वाड्याशेजारची खाण भूजलाच्या खाली गेली. आमच्या विहिरीला मे अखेरपर्यंत पाणी असायचं, ती मार्चमध्येच तळाला जाऊ लागली. तक्रार केली तर खाणीचा माणूस म्हणाला, आधी किती पाणी होतं त्याचा कागद दाखवा. कागद कुणाकडे असणार? माझ्या आईनं त्या विहिरीवर पन्नास वर्षं पाणी भरलं, पण ती काही वहीत लिहून ठेवत नव्हती.

मडगावचा रिगवाला

मास्तर, तुमच्या विहिरीचं वाईट वाटलं. पण रेडॉनचं खापर फ्रॅकिंगवर फोडू नका. मी चौदा वर्षं गुजरातेत, खंबात खोऱ्यात ड्रिलिंगवर आहे.

पेनसिल्व्हेनियाची जमीनच रेडॉनची. 1984 मध्ये तिथल्या लिमरिक अणुवीज केंद्रात एका अभियंत्यामुळे किरणोत्साराचा गजर वाजायला लागला. केंद्र अजून सुरूही झालं नव्हतं! शोधता शोधता कळलं, की तो हे सगळं आपल्या घरातून अंगावर घेऊन येत होता. त्या घरात रेडॉन भयंकर होता आणि मार्सेलसमधलं फ्रॅकिंग तेव्हा वीस वर्षं दूर होतं.

दुसरं, शेल असतो दीड-दोन किलोमीटर खाली. रेडॉनचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा वेळ, 3.8 दिवस. तेवढा खडक ओलांडून तुमच्या जावयाच्या तळघरात पोचेपर्यंत त्यातलं काय उरणार? वायूच्या विहिरीला पोलादी नळ आणि सिमेंटचं अस्तर असतं ते वेगळंच. तुम्ही सांगितलेल्या अभ्यासाच्या लेखकांनीही फ्रॅकिंग हेच कारण असल्याचं सिद्ध झालं असं म्हटलेलं नाही. थंडीसाठी घरं जास्त बंदिस्त बांधली, तरी आतला रेडॉन वाढतो.

साखळीची वहिनी

मला एक विचारायचं आहे. दाभोळ-बेंगळुरू वायुवाहिनीची शाखा गोव्यात येते, आणि दाभोळला 2018 पासून अमेरिकेचा वायूही उतरतो. मग तो रेडॉन आमच्या चुलीपर्यंत येतो का? घरात दोन लहान मुलं आहेत.

मडगावचा रिगवाला

नाही वहिनी, निर्धास्त राहा. वायू थंड करून द्रव करतात, मग जहाजानं आणतात. प्रवासाला तीन आठवडे धरले, तर दर 3.8 दिवसांनी निम्मा होत होत सुरुवातीच्या शंभरातले दोनच उरतात.

फोंड्यातला छातीचा डॉक्टर

दोघांचंही वाचलं. मला मास्तरांशी वाद घालायचा आहे, रागावू नका.

घनमीटरला 100 बेक्वेरेल वाढले की फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका साधारण 16 टक्क्यांनी वाढतो, असं युरोपातल्या एकत्रित अभ्यासात 2005 मध्ये दिसलं. मूळ धोका जेवढा मोठा, तेवढे हे 16 टक्के जड. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचा मूळ धोका न ओढणाऱ्याच्या पंचवीसपट धरतात, म्हणजे खरा मार त्यालाच बसतो. माझ्याकडे खोकत येणारा माणूस अजून खिशात बिडीचा कट्टा घेऊन येतो. त्याला शेलची भीती घालून काय मिळणार?

शिवाय गोव्याखाली शेल नाही. आपला खडक फार जुना, वर जांभा. पारोड्याला चंद्रनाथाचा डोंगर ग्रॅनाइटचा, आणि ग्रॅनाइटमध्ये युरेनियम इतर बऱ्याच खडकांपेक्षा जास्त असतं. मोजायचंच तर तिथल्या पायथ्याच्या घरांपासून सुरुवात करा. जुन्या घरांना वारा होता, आता खिडक्या बंद करून एसी लावून झोपतात. खर्च करायचा तर आपल्या घरांवर करा.

डिचोलीचा मास्तर

डॉक्टर, रागावत नाही. पारोड्याला मोजा, माझा पाठिंबा आहे. पण जिथं शेल आहे त्या खंबातच्या आणि दामोदर खोऱ्यातल्या गावांना फुफ्फुसं नाहीत का? बंगालमध्ये दुर्गापूरजवळ इच्छापूरला 2011 च्या जानेवारीतच शेलमधून वायू निघाला.

रिगवाले भाऊ, तुम्ही खडकातून वर येणाऱ्या वायूचं बोललात. वर काढलेल्या पाण्याचं काय? ते खारं पाणी शेलमधला रेडियम विरघळवून आणतं. पेनसिल्व्हेनियात ब्लॅकलिक ओढ्यात असं पाणी प्रक्रिया करून सोडत होते. ड्यूक विद्यापीठाच्या लोकांनी 2013 मध्ये तिथला गाळ तपासला, तर रेडियम वरच्या अंगापेक्षा जवळजवळ दोनशेपट. रेडियमचं अर्धायुष्य 1600 वर्षं, आणि तो असेपर्यंत रेडॉन देत राहणार. इथं तुमचे 3.8 दिवस कामाला येत नाहीत.

मडगावचा रिगवाला

पाण्याचा मुद्दा मान्य. पेनसिल्व्हेनिया सरकारच्या 2015 च्या अहवालातही तेच आहे: घरात वायू जाळल्यानं रेडॉनचा धोका फारसा वाढत नाही, पण सांडपाणी सांडलं तर रेडियमची काळजी घ्या. मीही साइटवर त्या टाक्यांच्या गाळाला हात लावू देत नाही.

पण वर्षभर थांबा म्हणता, तेव्हा रोजंदारीवरच्या पोरांचं काय? रिग, म्हणजे खोदाईचं यंत्र, उभी राहिली की दिवसाचं भाडं लागतं. आणि कंपनीचा माणूस मोजणार म्हणजे खोटंच मोजणार, हे मला लागलं.

डिचोलीचा मास्तर

तुम्हाला खोटारडा म्हटलं नाही. ज्याचं नुकसान होऊ शकतं त्याच्या हातात आकडा हवा, एवढंच. इंग्लंडात यॉर्कशरमध्ये पिकरिंगच्या खोऱ्यात 2015 पासून असंच केलं. फ्रॅकिंगच्या आधीच ब्रिटिश भूशास्त्र सर्वेक्षण आणि सरकारी आरोग्य खात्यानं पाणी, हवा आणि घरांतला रेडॉन मोजायला घेतला. पुढे 2019 मध्ये तिथं फ्रॅकिंगच थांबवलं, पण आकडे लोकांकडे राहिले. रिग आणण्याआधी जमिनीचे, परवान्याचे कागद होतात, त्याच काळात मोजा. रिगचं भाडं तेव्हा सुरू झालेलं नसतं.

साखळीची वहिनी

मोजतात कशानं? यंत्र महाग असेल ना?

फोंड्यातला छातीचा डॉक्टर

महाग यंत्र लागत नाही. छोट्या डबीत फिल्म असते, तीन महिने खोलीत टांगून ठेवायची. रेडॉनमधून निघणाऱ्या अल्फा कणांचे ओरखडे तिच्यावर उमटतात, ते प्रयोगशाळेत मोजतात. वीज लागत नाही. पण पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा ठेवायला हवी, कारण दारं-खिडक्या किती उघड्या त्यावर आकडा बदलतो.

मडगावचा रिगवाला

फिल्म असेल तर माझा विरोध मागे. पैसे कंपनीनं द्यावेत, डब्या पंचायतीनं टांगाव्यात, वाचन विद्यापीठात व्हावं. पण माझी एक अट आहे. विहिरीपासून लांबच्या, फ्रॅकिंग नसलेल्या गावातही तेवढ्याच डब्या लावा. नाहीतर उद्या आकडा वाढला, तर कशानं वाढला यावर आपण पुन्हा असेच भांडत बसू.

डिचोलीचा मास्तर

अट मंजूर. लांबचं गाव निवडताना मात्र खडक तोच असलेला निवडा, आणि ती निवड डब्या टांगायच्या आधी लिहून ठेवा.