जाहिरात इथे नको, पण कमवायचं कसं ते सांगा

बी-३०१ केळकर काकू: (फॉरवर्ड) घरबसल्या रोज ₹३,००० ते ₹८,००० कमवा! फक्त व्हिडिओ लाईक करा. गृहिणी, निवृत्त, विद्यार्थी सर्वांना संधी. जागा मर्यादित. लगेच मेसेज करा.

बी-३०१ केळकर काकू: खरं असतं का हो हे? भाचीच्या मैत्रिणीच्या खात्यात १५० रुपये आले म्हणे.

सी-५०२ ओंकार: काकू, ते दीडशे म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ. सुरुवातीला पैसे खरंच येतात. मग टेलिग्रामच्या ग्रुपवर घेतात. तिथे जो तो "आज मला १२ हजार मिळाले"चे स्क्रीनशॉट टाकत असतो, ती सगळी त्यांचीच माणसं. मग येतो "प्रीपेड टास्क". २,००० भरा, २,८०० परत. तेही देतात! मग २०,००० भरायला लावतात आणि तिथून पुढे ॲपमध्ये नुसता आकडा फुगत जातो. काढायला गेलं की "आधी टॅक्स भरा".

सी-५०२ ओंकार: मैत्रिणीला आजच बाहेर पडायला सांगा. कोणाचे पैसे गेले असतील तर लाज न बाळगता लगेच १९३० ला फोन करायचा. जितक्या लवकर कळेल तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवता यायची शक्यता जास्त. आणि "तुमचं बँक खातं वापरायला द्या, कमिशन देतो" म्हणणाऱ्याला तर दारातही उभं करू नका. उद्या पोलीस खातेदाराच्या घरी येतात, त्याच्या नाही.

ए-४०३ जाधव काका: साधा हिशेब आहे. काम देणारा आपल्याकडून आधी पैसे मागत नाही.

ए-२०४ चौगुले (सेक्रेटरी): ओंकार, धन्यवाद. काकू, तो फॉरवर्ड डिलीट करा. आणि सर्वांना पुन्हा विनंती, या ग्रुपवर जाहिराती चालणार नाहीत. परवाही कोणीतरी क्रोशाच्या बाहुल्या टाकल्या होत्या.

बी-१०३ सावंत ताई: कोणीतरी म्हणजे मीच, साहेब. एकच फोटो टाकला होता. खालच्या पार्किंगच्या भांडणाचे पन्नास मेसेज चालतात, बाहुली नाही चालत.

सी-४०४ देशमुख वहिनी: ताई, आमच्या चिमीला तो हत्ती फार आवडला. कितीला?

ए-२०४ चौगुले (सेक्रेटरी): वहिनी, पर्सनलवर विचारा ना.

बी-७०३ मृणाल: चौगुले काका, दोन मिनिटं. हा विषय निघालाच आहे तर नीट बोलूया. लाईक करून पैसे मिळत नाहीत हे कळलं, पण मिळतात कशाने हे कोणी सांगतच नाही. आपल्याच बिल्डिंगमध्ये तीन-चार जण खरंच कमावतायत. ताई, हत्तीची किंमत काय लावली?

बी-१०३ सावंत ताई: ५५० गं. इन्स्टावर पेज आहे, तिथून ऑर्डरी येतात. येतात म्हणजे भरपूर येतात. हात दुखतात.

बी-७०३ मृणाल: दोरा किती लागतो?

बी-१०३ सावंत ताई: चांगला कॉटन दोरा घेते, १८० चा. आत भरायचा फायबर ५० चा, डोळे २० चे, खोका धरून ३०. विणायला तीन दिवस, घरातलं आवरून रोज चारेक तास.

बी-७०३ मृणाल: म्हणजे २८० सामानात गेले, उरले २७०. बारा तासांचे २७०. तासाला साडेबावीस रुपये! ताई, ऑर्डरी भरपूर येतात त्याचं कारण हेच आहे.

बी-१०३ सावंत ताई: पण जास्त सांगितलं की "बाजारात २०० ला मिळतो" म्हणतात.

बी-७०३ मृणाल: तो मशीनवरचा चिनी हत्ती. ज्याला तो हवाय त्याने तोच घ्यावा, ते आपलं गिऱ्हाईकच नाही. तुम्ही बाळाचं नाव विणून देता, बारशाच्या झबल्याला जुळणारा रंग देता, त्याचे पैसे आहेत. ९०० च्या खाली घेऊ नका. निम्मे आधी, कुरिअर वेगळं. आणि कार्टूनमधल्या प्रसिद्ध उंदीर-मांजरांच्या बाहुल्या विकू नका, हक्कांची भानगड होते, पेज एका दिवसात उडतं.

सी-४०४ देशमुख वहिनी: मृणाल, तू माझाच हत्ती महाग केलास की!

बी-७०३ मृणाल: शेजारधर्म म्हणून ताई बघतील काय ते. माझं सांगायचं तर मी आधी फायव्हरवर लोगो करायचे. तिथे जगभरातले हजारो जण लोगो करतात, आणि मिळतात त्यातले २० टक्के साइट कापून घेते. कंटाळून मी मराठी पत्रिकांवर आले. मुंज, डोहाळजेवण, साठी-शांत. न्यू जर्सीत, दुबईत राहणाऱ्यांना फोनवर पाठवायला सुंदर मराठी पत्रिका हवी असते आणि तिथला डिझायनर "श्री गजानन प्रसन्न" लिहिताना जोडाक्षरं मोडून ठेवतो. एआयने केलेल्या चित्रांतही देवनागरीची अनेकदा तीच गत. तिथल्या एका डिझायनरने लग्नपत्रिकेतलं "चि. सौ. कां." काढूनच टाकलं होतं, तिला वाटलं टायपिंगची चूक आहे. आता जाहिरात करावी लागत नाही, एका मुंजीतून पुढच्या दोन मिळतात.

ए-४०३ जाधव काका: अगदी. माझ्या हार्मोनियमच्या यूट्यूब चॅनलबद्दल सगळे विचारतात, "काका, लाखो मिळत असतील". जाहिरातींचे पैसे सुरू व्हायलाच १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं गेलेलं लागतं. त्यानंतरही १०० डॉलर साठेपर्यंत खात्यात काही जमा होत नाही. भजनाचा ठेका बघणारे लोक किती असणार? पण त्या व्हिडिओंखाली इंदूरचे, बडोद्याचे, बहरीनचे लोक विचारू लागले, "शिकवाल का?" पैसे तिथून येतात. शिकवणीचे, महिन्याच्या महिन्याला. चॅनल म्हणजे माझी दारावरची पाटी, दुसरं काही नाही.

सी-५०२ ओंकार: पण काका, ऑनलाइन पेटी शिकवताना आवाज मागे-पुढे होत नाही?

ए-४०३ जाधव काका: होतोच. म्हणून दोघांनी एकत्र वाजवायचा हट्टच सोडायचा. मी वाजवताना त्याने पेटीला हात लावायचा नाही, फक्त ऐकायचं. मग तो वाजवतो, मी गप्प. ठेक्यावर बसवायचं काम त्याने तबल्याच्या ॲपवर करून रेकॉर्डिंग पाठवायचं. बहरीनवाला काळी एकला सा धरून गातो, मी पांढरी चारला. त्यालाही त्याच्या पट्टीत बोटं घालायला लावतो. उलट शिष्य जास्त तयार होतात, मागून माझा आधार नाही ना!

बी-३०१ केळकर काकू: पाठक आजोबांना विचारा की. त्यांच्याकडे तर गावोगावचे फोन येतात.

ए-६०१ पाठक आजोबा: वाचतोय मी. टाइप करायला वेळ लागतो. बोलून टाइप करतो, चुका समजून घ्या.

ए-६०१ पाठक आजोबा: मी मोडी वाचतो. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात शिकलो, निवृत्तीनंतर, हौस म्हणून. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्या. शिंदे समिती नेमली आणि एकदम सगळ्या महाराष्ट्राला मोडी वाचणारे हवेसे झाले. जुनी जन्म-मृत्यूची रजिस्टरं मोडीत, आणि घरात कोणाला ओळही लागेना. ती गर्दी आता ओसरली, पण मग लोकांना माळ्यावरच्या पेटीतले आजोबांचे कागद आठवले. वतनाचे, देवळाच्या इनामाचे, खरेदीखतं. कॅनडातूनही फोटो येतात.

सी-५०२ ओंकार: आजोबा, आता हे एआय वाचेल ना? मी ऐकलं आयआयटी रुरकीने काहीतरी केलंय.

ए-६०१ पाठक आजोबा: केलंय. २०२५ मध्ये, मोडीचं देवनागरी करणारं. चांगलंच आहे. ठळक अक्षराला ते चालेल. पण माझ्याकडे येतो तो कागद कसा असतो ते सांगतो. लेखक आधी पानभर रेघ ओढतो आणि लेखणी न उचलता अक्षरं तिला लटकवत जातो. दोन शब्दांमध्ये जागा नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. वाळवीने मधलाच तुकडा खाल्लेला. आणि वर्ष असं लिहिलेलं, "सलास अशर मयातैन व अलफ". हे अरबी आकडे आहेत, उलटे मांडलेले. तीन, दहा, दोनशे, हजार. म्हणजे सुहूर सन, मराठी दफ्तरात चालायचा तो, १२१३. त्यात ५९९ मिळवा, इसवी सन १८१२-१३ आलं. बाजीराव दुसरा अजून पुण्यात होता. हे कळल्यावर पुढचा मजकूर आपोआप लागतो, कारण त्या वेळी गावचा पाटील कोणाला काय म्हणत असेल ते आपल्याला ठाऊक असतं.

सी-४०४ देशमुख वहिनी: बाप रे. पैसे कसे घेता?

ए-६०१ पाठक आजोबा: पानावर. आधी फोटो बघून सांगतो. फोटो कसा काढायचा तेही सांगतो, फ्लॅश नको, खिडकीपाशी, कागद सपाट, चारही कडा दिसल्या पाहिजेत, आणि मागची बाजूसुद्धा. बरेच जण मागची बाजू पाठवतच नाहीत आणि मोर्तब, म्हणजे शिक्का, असतो नेमका तिथे. जे लागत नाही तिथे "वाचता येत नाही" असं लिहितो आणि तेवढ्याचे पैसे घेत नाही. अंदाजाने कोणाच्या खापरपणजोबाची जात किंवा जमीन लिहायची नसते. दाखल्यासाठी हवं असेल तर कोणाचं लिप्यंतर चालेल ते आधी त्या कार्यालयात विचारून या, असं सांगतो. काम गेलं तरी चालेल.

बी-७०३ मृणाल: आजोबा, तुमच्याकडे कोणी २०० रुपयांत करणारा शोधत येत नाही, बघा.

ए-६०१ पाठक आजोबा: येतात की. त्यांना म्हणतो, शिका. मंडळात वर्ग असतात.

सी-१०४ शेख सर (सीए): आता माझं रटाळ काम. थोडक्यात. कमाई पेटीची असो, पत्रिकेची की मोडीची, रिटर्नमध्ये दाखवायची. "छोटं आहे, कोण बघतंय" नको, यूपीआयची नोंद राहते. त्यासाठी वेगळं बचत खातं ठेवा, मार्चमध्ये मला शिव्या घालणार नाही. जीएसटी : सेवा असेल तर वर्षाला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, मृणाल, तुझ्या बाहेरच्या राज्यातल्या गिऱ्हाइकांनाही हेच. माल असेल तर महाराष्ट्रात ४० लाख. मोठ्या ऑनलाइन बाजारावर विकायला पूर्वी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान लोकांना सूट आहे, पॅनवर एक एनरोलमेंट नंबर काढायचा. सावंत ताई, परराज्यात माल पाठवणं वेगळं प्रकरण आहे, हस्तकलेच्या काही वस्तूंना सवलत आहे, क्रोशा कुठे बसतो ते पाहून सांगतो. रविवारी या. फी हत्ती.

बी-१०३ सावंत ताई: शेख सर, हत्ती आता ९०० चा आहे!

बी-३०१ केळकर काकू: मला तर यातलं काहीच येत नाही. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, वह्या तपासल्या, संपलं.

बी-७०३ मृणाल: काकू!! मला तेच तर हवंय. मी चित्र काढते, पण माझी शुद्धलेखनाची बोंब आहे. पत्रिका पाठवून झाल्यावर सासरचे चूक काढतात. प्रत्येक पत्रिकेचं मुद्रितशोधन कराल का? व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवीन, पत्रिकेमागे १५० देईन. नातेवाइकांची नावं मात्र त्यांनी कळवली तशीच ठेवायची, त्यावरून भांडणं होतात.

बी-३०१ केळकर काकू: दीडशे? चार ओळींचे?

ए-४०३ जाधव काका: काकू, घ्या. आत्ताच तासाला साडेबावीसचा हिशेब झालाय.

बी-३०१ केळकर काकू: बरं, पाठव. पण शुद्धिपत्र मी वहीतच लिहून फोटो पाठवणार, त्या बारीक कीबोर्डवर नाही जमत. आणि निमंत्रणातली भाषा भलतीच अवजड असली तर तेही सांगणार.

ए-२०४ चौगुले (सेक्रेटरी): सर्वांनी चर्चा छान केली. पण मुद्दा राहतोच. गेटवर वॉचमनकडे रोज बाहुल्यांची पार्सलं पडतात, तो रजिस्टर भरणार की गाड्या सोडणार? माझा प्रस्ताव : "सोसायटी - कला व कामं" असा वेगळा ग्रुप. तिथे आठवड्यातून एकदा पोस्ट. फक्त स्वतःचं काम, कोणाच्या स्कीमचे फॉरवर्ड नाहीत. पार्सल ज्याचं त्याने संध्याकाळी ७ च्या आत न्यायचं. अन्नपदार्थ विकणाऱ्याने एफएसएसएआयची नोंदणी कमिटीला दाखवायची. ॲडमिन ओंकार.

सी-५०२ ओंकार: मला विचारलं का कोणी?

ए-२०४ चौगुले (सेक्रेटरी): विचारतोय ना आता.

सी-४०४ देशमुख वहिनी: चौगुले साहेब, एक शंका. तुमच्या घरच्या चौगुले वहिनींनी केलेल्या आकाशकंदिलांचे फोटो मला काल पर्सनलवर आलेत. ते कुठल्या ग्रुपवर टाकायचे?

ए-२०४ चौगुले (सेक्रेटरी): ओंकार, ग्रुप आजच काढ.