मदत हवी आहे: १९८८ ची आरएक्स-७ स्मॉग चेकमध्ये नापास

मंडळी, कॅलिफोर्नियात रोटरी (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरच्या, म्हणजे वँकेल इंजिनाची) गाडी बाळगणारं कुणी आहे का इथे?

माझी माझदा आरएक्स-७, १९८८ चं मॉडेल, १३बी इंजिन, टर्बो नाही. २००० च्या आधीची असल्याने स्मॉग चेकमध्ये (नोंदणीसाठी लागणारी धुराची तपासणी) डायनोवर, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून, ताशी १५ आणि २५ मैलांना धूर तपासतात. कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड ठीक, हायड्रोकार्बन (न जळलेलं इंधन) मात्र दोन्ही वेगांना मर्यादेबाहेर. वँकेल इंजिन मुळातच त्यात बदनाम: लांबट, चपटा ज्वलनकक्ष, कोपऱ्यात न जळलेलं पेट्रोल, वर रोटरच्या सील्सना वंगण म्हणून मुद्दाम सोडलेलं ऑइल. ते सगळं जाळायचं काम एअर पंप (एक्झॉस्टमध्ये हवा सोडणारा) आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा) यांचं.

पंपाचा पट्टा नवा आहे, प्लग आणि कॉम्प्रेशन उत्तम. माझा संशय एअर कंट्रोल व्हॉल्व्हवर, म्हणजे पंपाची हवा कुठे सोडायची ते ठरवणाऱ्या झडपेवर. पंपाची हवा मुख्य कन्व्हर्टरपर्यंत पोहोचते की वाटेतच बाहेर सोडली जाते, हे घरच्या घरी कसं तपासायचं? की कन्व्हर्टरच संपलाय? राज्याची मान्यता असलेला नवा महाग पडतो, म्हणून आधी खात्री हवी.

गॅरेजवाला म्हणाला, 'इंजिन बदला.' रोटरी दिसली की सगळे हेच सांगतात! नोंदणीची मुदत जवळ आलीय, कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.