मदत हवी आहे: गाणी ऐकून बरं वाटायचं, आता वाटत नाही

मुग्धा_क
दिवसभराचा ताण रात्री गाणं ऐकलं की उतरायचा. दोन महिने झाले, काही उपयोग होत नाही, उलट जीव जास्तच कासावीस होतो. झोपेचं पार खोबरं झालंय. काय ऐकू? लवकर सांगा प्लीज.

रानवारा
सध्या काय ऐकता? किती वाजता? कशावर?

तानपुरा_पुणे
रात्री दरबारी राग, तोही विलंबित, म्हणजे संथ लयीतला. भीमसेन जोशींचा. नोकरी गेली त्या वर्षी मी रोज ऐकायचो, त्यानेच तरलो.

सागरवेळ
दरबारी सगळ्यांना झेपत नाही. मला तर जास्त उदास वाटतं. कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं लावा.

तानपुरा_पुणे
गंभीर वेगळं, उदास वेगळं. दरबारीतला आंदोलित गंधार, म्हणजे तो झुलता 'ग', डोळे मिटून ऐका आणि मग बोला.

मुग्धा_क
वाद नको हो. किशोरीताई आमोणकरांचा भूप राग ऐकते, साडेअकरानंतर, मोबाइलवर, एका कानात.

रानवारा
एकाच कानात का?

मुग्धा_क
आई आत झोपलेली असते ना! खुब्याचं ऑपरेशन झालंय, रात्री दोन-तीनदा उठवावं लागतं. हाक ऐकू यायला हवी.

डेसिबल
जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित ऐकण्याची मर्यादा 80 डेसिबल, आठवड्याला 40 तास. नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे बाहेरचा आवाज दाबणारे हेडफोन घ्या, म्हणजे आवाज वाढवावा लागत नाही.

रानवारा
अहो, त्यांना हाक ऐकायचीय!
मुग्धाताई, सासऱ्यांच्या आजारपणात माझंही हेच झालं होतं. एक कान गाण्यात, एक दाराकडे. मग सूर लागला की आपण आपोआप सावध व्हायचं, असं अंगवळणी पडतं. इयरफोन ठेवून द्या. छोटा स्पीकर आईंच्या उशाशी ठेवा आणि संध्याकाळी दोघी मिळून ऐका. घरी मदतीला आणखी कोण आहे?

मुग्धा_क
कोणी नाही. आता उद्यापासून दुपारी दोन तास मावशी येणार आहे.
काल सातला स्पीकर लावला. आई डोळे मिटून पडली होती, पण पांघरुणाच्या काठावर बोट हलत होतं. तबला सुरू झाला तशी म्हणाली, "थोडा आवाज वाढव." ऑपरेशननंतर पहिल्यांदाच तिने औषध-पाण्याशिवाय काही मागितलं. मला रडूच आलं. रात्रीचं मात्र तसंच आहे, तीनपर्यंत जागी होते. मावशी असताना ऐकू का झोपू?

रानवारा
झोपा.

तानपुरा_पुणे
भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचाच, सातची वेळ अगदी बरोबर. दुपारी ऐकायचं तर भीमपलास.