मदत हवी आहे: नाशिकमध्ये डोक्याला ताप नसलेली नोकरी, पगार कमी असला तरी चालेल

पवननगरकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचत आलोय, स्वतःसाठी काही विचारायची ही पहिलीच वेळ.

वय 46, बी.कॉम., राहायला सिडकोत. घरात आई (75, शुगर आहे), बायको शिवणकाम करते, मुलगा यंदा बारावीला. घराचा हप्ता गेल्या वर्षी संपला, म्हणूनच हा धागा काढायची हिंमत झाली.

शेवटची नोकरी एका फायनान्स कंपनीत, वसुलीची. हप्ते थकलेले ट्रॅक्टर आणि टेम्पो. दिंडोरी, वणी, कळवण हा पट्टा माझ्याकडे. सकाळी सातला ग्रुपवर मेसेज: "गुड मॉर्निंग टीम, आजचं कमिटमेंट टाका." आकडा टाकायचा. अकराला "अपडेट?" चारला "अपडेट??" रात्री नऊला कॉल, का नाही झालं ते सांगा. रविवारी ग्रुप बंद असतो असं नियमात होतं.

मार्चमध्ये गारपीट झाल्यावर दिंडोरीकडे एका घरी गेलो. द्राक्षबागेत मण्यांचा चिखल पडलेला. माणूस घरात नव्हता. त्याच्या आईनं चहा ठेवला. "पार्टीच्या घरी पोचलो" याचा पुरावा म्हणून ग्रुपवर फोटो टाकावा लागतो, तो चहा पिता पिताच टाकला. नंतर बघितलं तर फोटोत म्हातारीचा कप पुढे करणारा हात आला होता. ग्रुपवर साहेबांचा अंगठा आला. एप्रिलमध्ये राजीनामा दिला. बीपी तेव्हा 160/100 होतं, आता गोळीवर ठीक आहे.

मधल्या काळात एका सोसायटीत वॉचमनकी केली, 19 दिवस. लोक म्हणतात, नुसतं बसायचं तर असतं. बसायचं असतं, पण 64 फ्लॅट म्हणजे 64 मालक, आणि ड्युटी 12 तासांची. सोडलं.

मला काय हवंय ते सांगतो. टार्गेट नको. घरी गेल्यावर फोन नको. आज केलेलं काम आजच संपावं. हातात 12-13 हजार आले तरी भागतं, हिशोब बायकोसोबत बसून केलाय. असं काम नाशिकमध्ये कुठलं? आणि मुलाखतीत "एवढा अनुभव असून हेल्परची नोकरी कशाला?" असं विचारतात, तेव्हा काय सांगायचं? दोन ठिकाणी या प्रश्नावरच गाडी अडली.

आजीची पैठणी

दादा, आधी एक ठरवा. तुम्हाला ताप कशाचा होता, माणसांचा, आकड्याचा की वेळेचा? तिन्ही वेगळे. मी मेन रोडला साडीच्या दुकानात सहा वर्षं काढली. आकडा नव्हता, वेळ ठरलेली होती, पण दिवसाला चाळीस बायका आणि प्रत्येकीला गठ्ठ्यातली सगळ्यात खालची साडी. मला ते आवडायचं, माझ्या जावेला चार दिवसांत ताप भरला. लग्नसराईत रात्री नऊपर्यंत पाय टेकत नाहीत हे वेगळंच. "शांत नोकरी" अशी काही वस्तू दुकानात मिळत नाही.

पवननगरकर

ताई, नेमकं विचारलंत. माणसांचा ताप नाही. गावोगाव फिरताना माणसंच बरी वाटायची. ताप आकड्याचा, आणि तो दर चार-पाच तासांनी विचारला जाण्याचा.

निमाणी ते नाशिकरोड

पेट्रोल पंपाकडे चुकूनही जाऊ नका. टार्गेट नाही म्हणतात, पण शिफ्टच्या शेवटी कॅश कमी भरली की पगारातून जाते. डिलिव्हरी तर तुमच्या जुन्या नोकरीचीच धाकटी बहीण, फोन दिवसभर हातात. 2027 च्या कुंभमेळ्यामुळे पंचवटीत लॉजवाले माणसं शोधतायत, काउंटरला बसायला. पण पर्वणीच्या दिवसांत तिथे शांतता मिळाली तर मला कळवा, मीही येतो.

खरं बोलणारा

स्पष्ट बोलतो, राग नसावा. मुलगा बारावीला, आईचं औषधपाणी, आणि तुम्ही 46 व्या वर्षी निवांतपणा शोधताय? टेन्शन कोणाला नाही? आमच्या वडिलांनी तीन शिफ्टमध्ये आयुष्य काढलं.

पवननगरकर

काढलं असेल. माझ्याही वडिलांनी काढलं, सातपूरला. पण शिफ्ट सुटल्यावर त्यांचा साहेब आमच्या स्वयंपाकघरात येत नव्हता. माझा यायचा, खिशातून.

बिनकार्ड

मी अंबडला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये 14 वर्षं आहे, म्हणून थोडं सविस्तर.

तुमच्यासारख्याला स्टोअर हेल्पर हे काम जमेल. गाडी आली की माल उतरवून घ्यायचा, चलनाप्रमाणे नग मोजायचे, रॅकमध्ये जागेवर लावायचे, बिन कार्डावर आवक लिहायची. लाइनवरून स्लिप आली की तेवढाच माल द्यायचा आणि जावक लिहायची. संध्याकाळी कार्डावरचा आकडा आणि रॅकमधले नग जुळले की घरी. आकडा इथेही आहे, पण तो मोजायचा असतो, गाठायचा नसतो. तुमचं दुखणं नीट वाचलं म्हणून हे सांगतोय. वर्षअखेरीला स्टॉक मोजणीचे तीन-चार दिवस सोडले तर आवाज चढत नाही. पहिला महिना पाठ दुखेल, तेवढं धरून चाला.

भरती बहुतेक ठेकेदाराकडून होते. जायच्या आधी तीन गोष्टी विचारा. ड्युटी आठ तासांची की "आठ अधिक चार"? जास्तीच्या तासांना कायद्याने दुप्पट दर आहे, ठेकेदार सिंगल देऊन मोकळा होतो. दुसरं, सहा-सात महिन्यांनी ब्रेक देतात का, म्हणजे काही दिवस कामावरून काढून पुन्हा घेतात का? तिसरं, पगारपत्रक मिळतं का? नुसतं "खात्यावर जमा होईल" म्हणाला तर उठून या.

आणि अनुभवाचं काय सांगायचं? खरं सांगा. "वसुली सोडली, आता फिरतीचं काम नको, एका जागी बसून हिशोबाचं काम हवंय." ठेकेदाराला तुमच्या स्वप्नांशी देणंघेणं नसतं. हा माणूस पुढच्या महिन्यात पळेल का, एवढीच त्याला भीती.

मखमलाबादची सून

आमच्या दिरांची भाजीपाल्याची नर्सरी आहे. टोमॅटोच्या रोपांचा सीझन चालू आहे, माणसं कमीच पडतात. रोज 450, दुपारचं जेवण आमच्याकडे. नोकरी म्हणून नाही, पण एक दिवस येऊन बघा, हात मातीत घातल्यावर कसं वाटतं ते. पत्ता खाजगी निरोपात टाकलाय.

पवननगरकर

काल जाऊन आलो. लिहिल्याशिवाय राहवत नाही.

शेडनेटमध्ये आठ वाजता शिरलो. 104 खळग्यांचा प्लास्टिकचा ट्रे, त्यात ओलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरायचं, फार दाबायचं नाही. मग प्रत्येक खळग्यात बोटाचं टोक टेकवून पाव पेराएवढा खड्डा, त्यात टोमॅटोचं एकच बी, वर पुन्हा कोकोपीट. सुरुवातीला माझ्या बोटाला दोन-दोन बिया चिकटायच्या. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "पावडर लावल्यासारखं धरू नका, चिमटीत मीठ घेतल्यासारखं धरा." मग जमलं. सगळे ट्रे एकावर एक रचून कागदाखाली झाकतात, कोंब दिसला की पसरून मांडतात. 25-30 दिवसांत रोप शेतात जायला तयार.

दिवसभरात माझे 38 ट्रे झाले, मावशींचे 90. कोणी काही बोललं नाही. फोन गाडीच्या डिकीत राहिलाय हे जेवणाच्या वेळी लक्षात आलं. आणायला गेलो नाही.

मला वाटतं माझं काम सापडलं. 26 दिवस भरले तर 11,700 होतात. बायको म्हणते सीझन संपल्यावर काय? पण मला ती रिस्क घ्यावीशी वाटतेय. मुलाच्या पुढच्या वर्षीच्या फीसाठी पीएफ काढून ठेवतो, फॉर्म कालच डाउनलोड केला.

चाळीसगाव पॅसेंजर

थांबा! तो फॉर्म कुठला? 10सी आहे का? आणि पीएफची नोकरी एकूण किती वर्षं झाली?

पवननगरकर

हो, 19 (पीएफ काढायचा) आणि 10सी दोन्ही. आधी एका वितरकाकडे होतो, मग फायनान्स कंपनी. पासबुकात मिळून 8 वर्षं 3 महिने दिसतात. मधली काही वर्षं बिनपीएफची.

चाळीसगाव पॅसेंजर

मग 10सी फाडून टाका. मी 30 वर्षं कंपन्यांच्या पगारपत्रकांवर बसलोय, हे रोज बघितलंय. 1995 च्या पेन्शन योजनेत 10 वर्षं नोकरी भरली की 58 व्या वर्षापासून पेन्शन लागते. 10सी भरून पेन्शनचे पैसे उचलले की ती सव्वाआठ वर्षं पुसली जातात. तुम्हाला उरलीत दोन वर्षं. दोन! खातं चालू ठेवा, नव्या मालकाला तोच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर द्या.

आता नर्सरी की स्टोअर, पैशांत बघा. समजा स्टोअरला मूळ पगार अधिक विशेष भत्ता मिळून 13,500 आहे. पीएफ 12 टक्के म्हणजे 1,620. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, पाऊण टक्का, 102. व्यवसाय कर 200. हातात 11,578. नर्सरीपेक्षा 122 रुपये कमीच. पण मालकाचे 12 टक्के वेगळे भरले जातात आणि त्यातूनच पेन्शन येते. 58 पर्यंत टिकलात तर 20 वर्षं होतात. सूत्र आहे पगार गुणिले वर्षं भागिले 70. आजचाच पगार धरला तरी महिना 3,850 च्या पुढे.

आणि ईएसआय विसरू नका. आई तुमच्यावर अवलंबून असेल तर तिचंही नाव कार्डावर चढतं, सातपूरच्या हॉस्पिटलमध्ये शुगरची औषधं. तुमचा बीपीचा खर्चही त्यातच. आजारपणाची रजा पडली तर 70 टक्के पगार वर्षाला 91 दिवसांपर्यंत, फक्त आधी 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी.

एक अजून. हेल्पर म्हटलं की अकुशलचा दर लावतात. कॉम्प्युटरवर एंट्री करणार असाल तर अर्धकुशलचा मागा. विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो, तो पगारपत्रकात वेगळा दिसतोय का बघत जा.

मखमलाबादची सून

दिरांकडे सहाच माणसं आहेत, पीएफ वगैरे काही नाही, हे मीच आधी सांगायला हवं होतं. काका म्हणतायत ते ऐका. सुट्टीच्या दिवशी या, मावशी विचारत होत्या "ते मीठवाले भाऊ" कुठे गेले.

पवननगरकर

चार दिवसांनी लिहितोय. 10सी फाडला. बिनकार्ड भाऊंनी ज्या ठेकेदाराकडे पाठवलं तिथे जाऊन आलो. आठ तास, पगारपत्रक मिळणार, ब्रेकचं विचारलं तर म्हणाला "काम बघून." हे मला आवडलं नाही, पण निदान लपवलं नाही. अर्धकुशल मागितला तर हसला, तीन महिने एंट्री करून दाखवा म्हणाला. सोमवारपासून जायचंय. आठवडी सुट्टीला सकाळी नर्सरी, 20 ट्रे पुरे.

जुन्या ग्रुपमधून अजून काढलेलं नव्हतं मला. आज स्वतःच बाहेर पडलो.

शेवटचं विचारतो, सेफ्टी शूज आपले आणायचे की ते देतात?

बिनकार्ड

त्यांनीच द्यायचे, फुकट. पैसे कापायला लागला तर मला सांगा. फक्त 8 नंबर कधीच शिल्लक नसतो, 9 मिळेल. मोजे जाड घेऊन या.